'सुजान' : श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा जीवनपट

मराठी वाङ्मयेतिहासात श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे नाव सहसा आढळत नाही. कारण उघड आहे. त्यांनी रचलेली शेकडो पदे मराठीत नाहीत. ती प्रामुख्याने ब्रजभाषेत आहेत, काही संस्कृतात आहेत. नामदेवांची हिंदी पदे मराठीचा अभ्यासक आपली मानतो, कारण त्यांच्या मागे अभंगांचा मोठा संचय उभा असतो. रातंजनकरांच्या मागे तसा संचय नाही. संगीताच्या क्षेत्रातही त्यांची गणना कधी शास्त्रकारांत, कधी शिक्षकांत होते. गायकांत ती काहीशा संकोचानेच होते. गायन, रचना आणि अध्यापन या तीन अंगांपैकी कोणत्या अंगाने कोणते अंग खाल्ले, हा त्यांच्या चरित्रातील खरा प्रश्न होय.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९०० रोजी मुंबईत झाला. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते आणि त्यांना संगीताचा, विशेषतः सतारीचा नाद होता. मुलाचे पहिले शिक्षण कृष्णंभट होनावर यांच्याकडे झाले. त्यात भर होता तो स्वरज्ञानावर. पुढे ग्वाल्हेर परंपरेतील अनंत मनोहर जोशी यांची तालीम मिळाली. मात्र आयुष्याची दिशा ठरली ती विष्णु नारायण भातखंडे यांच्या सहवासाने. वकिलीचा व्यवसाय मागे टाकून देशभर बंदिशी आणि ग्रंथ धुंडाळत फिरणाऱ्या या विद्वानाला आपल्या कार्याचा वारसदार या मुलात दिसला असावा.

भातखंडे यांनी शिष्याला केवळ आपल्याजवळ ठेवले नाही, ही त्यांची दूरदृष्टी होय. शास्त्र आपण शिकवू शकतो, परंतु मैफलीचे गाणे कलावंताकडूनच घ्यावे लागते, याची त्यांना जाण होती. त्यामुळे १९१७ मध्ये रातंजनकर बडोद्यास आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाझखाँ यांच्याकडे गेले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी तेथे पाच वर्षे तालीम घेतली. नोमतोमची आलापी, बोलबनाव, बंदिशीच्या शब्दांना लयीत खेळविण्याची रीत ही या काळाची कमाई. आग्रा गायकीत शब्द टाकून चालत नाही. रातंजनकर पुढे रचनाकार झाले याचे बीज भातखंडे यांच्या ग्रंथांइतकेच फैयाझखाँ यांच्या बोलांत शोधावे लागते. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी १९२६ मध्ये घेतली. घराणेदार तालीम आणि विद्यापीठीय पदवी एकाच व्यक्तीजवळ असणे त्या काळी विरळाच होते.

त्याच वर्षी लखनौ येथे मॅरिस कॉलेज सुरू झाले आणि रातंजनकर तेथे अध्यापक म्हणून रुजू झाले. १९२८ मध्ये ते प्राचार्य झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी पत्करलेले हे पद गायकाच्या कारकिर्दीला पोषक नव्हते. अभ्यासक्रम, परीक्षा, वेळापत्रक, पैशाची विवंचना यांत रियाजाचे तास जातात आणि मैफलीच्या निमंत्रणाला नकार द्यावा लागतो. शिवाय लखनौ हे उस्तादांचे शहर. तेथे घंटा वाजताच वर्ग सुटणाऱ्या शाळेतून गवई निघेल, यावर जुन्या मंडळींचा विश्वास बसणे कठीणच होते.

या आक्षेपाला रातंजनकरांनी जे उत्तर दिले ते लेखी नव्हते. कॉलेजात वर्ग चालत. आणि त्यांच्या घरी काही विद्यार्थी पुत्रवत राहत, दिवसाच्या कोणत्याही वेळी शिकत. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगलचे कृष्ण गुंडोपंत गिंडे १९३६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, या घरात आले. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर हेही याच छायेत घडले. सुमती मुटाटकर आणि व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांचीही नावे शिष्यांत येतात. म्हणजे संस्थेच्या आत त्यांनी गुरुकुल चालविले. संस्थेमुळे कलावंत घडतो की संस्थेला न जुमानता, हा वाद या नामावलीने मिटत नाही. उलट अधिकच अवघड होतो. कारण ज्यांची नावे राहिली, त्यांतील कित्येकांना दोन्ही प्रकारचे शिक्षण मिळाले होते.

रचनाकार म्हणून रातंजनकरांनी 'सुजान' ही मुद्रा घेतली. भातखंडे यांची मुद्रा 'चतुर', फैयाझखाँ यांची 'प्रेमपिया'. शिष्याची मुद्रा अर्थाने पहिल्या गुरूच्या मुद्रेशेजारी बसते. ब्रज काव्याच्या अभ्यासकाला मात्र 'सुजान' म्हणताच घनानंदाची प्रेयसी आठवेल, आणि ते अप्रस्तुत म्हणता येणार नाही. 'अभिनव गीतमंजरी'च्या तीन भागांत या रचना संगृहीत आहेत. ख्याल, धृपद, तराणे, लक्षणगीते असे सर्व प्रकार त्यांत येतात; कर्नाटक पद्धतीच्या वर्णमाचा साचा त्यांनी हिंदुस्थानी रागांत आणला. सालगवराळी, केदार-बहार, मार्गबिहाग यांसारखे राग त्यांच्या नावाशी निगडित आहेत. यातील अनेक रचना वर्गाच्या गरजेतून जन्मल्या. एखाद्या अप्रसिद्ध रागात शिकविण्याजोगी चीज नाही, म्हणून ती रचावयाची, असा हा व्यवहार. त्यामुळे काही ठिकाणी रागाचे नियम शब्दांवर मात करतात आणि पद पाठासारखे वाटते. पण जेथे अक्षरांचा ऱ्हस्वदीर्घ आणि स्वराचा न्यास नेमका जुळतो, तेथे मराठी मातृभाषेच्या माणसाने परभाषेच्या छंदावर मिळविलेले प्रभुत्व स्तिमित करते. गद्यलेखनात भातखंडे यांचे इंग्रजी चरित्र (१९६७) उल्लेखनीय आहे.

१९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आली आणि आकाशवाणीवर गाणाऱ्या कलावंतांची चाचणी घेण्याचे ठरले. चाचणी मंडळाची धुरा रातंजनकरांकडे आली. मैफली गाजविलेल्या गवयांना परीक्षेस बसणे हा अपमान वाटला. त्यांनी तीव्र विरोध केला आणि रोष साहजिकच रातंजनकरांवर ओढवला. परीक्षकाचे स्वतःचे गाणे कोणत्या दर्जाचे, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. तीस वर्षांच्या अध्यापनाची ही निर्दय किंमत होती. निवडीला निकष असावेत हा त्यांचा आग्रह गैर नव्हता. परंतु रागनियमांचे ज्ञान आणि राग उभा करण्याची शक्ती यांतील अंतर शाळेत विद्यार्थी वाढत असताना भरून निघते. चाचणीच्या मेजासमोर पिकलेला कलावंत बसला असता ते भरून निघत नाही. हे अंतर स्वतः फैयाझखाँ यांच्याकडे शिकलेल्या माणसाला ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

१९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला आणि त्याच वर्षी खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद त्यांनी स्वीकारले; ते १९६० पर्यंत सांभाळले. संगीत नाटक अकादमीने १९६३ मध्ये त्यांना फेलोशिप दिली. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. गायक म्हणून त्यांची साक्ष देणारे ध्वनिमुद्रण थोडेच, तेही बहुतांशी नभोवाणीवरील आणि खाजगी बैठकींतील. त्यात आवाजाची मोहिनी शोधणाऱ्याची निराशा होते. रागाचा बांधा ऐकणाऱ्याची होत नाही. गिंडे आणि भट यांनी मुंबईत शीव येथील वल्लभ संगीतालयात 'सुजान'च्या रचना शिकविल्या, आणि गिंडे यांनी १९९४ मधील आपल्या निधनापर्यंत त्या मैफलीतही गायिल्या.