स्वप्नातील स्त्रीराज्य

रात्री घरातील मंडळी निजली, की एका खोलीत मेणबत्ती लागे आणि थोरला भाऊ आपल्या धाकट्या बहिणीस इंग्रजी शिकवी. दिवसा हे शक्य नव्हते. रंगपूरजवळील पैराबंद गावच्या त्या जमीनदार घराण्यात मुलगे कलकत्त्यास शिकत, पण मुलींनी इंग्रजी शिकणे अनुचित मानले जाई. हे गाव आज बांगलादेशात आहे. १८८० साली जन्मलेल्या त्या बहिणीचे नाव रोकेया. पाच वर्षांची झाल्यापासून परक्या स्त्रियांसमोरही तिला पडदा पाळावा लागे!

पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सखावत हुसेन यांच्याशी तिचा विवाह झाला. ते विद्येचे चाहते होते. एकदा ते फिरतीवर गेले असता, वेळ जावा म्हणून बेगम रोकेया यांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. परतल्यावर पतीने ती उभ्याउभ्याच वाचून काढली. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात ती प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘सुलतानाचे स्वप्न’.

सुलताना स्वप्नात एका अपूर्व नगरीत जाते. रस्त्यात पुरुष दिसत नाही, तरी ती बिचकत चालते. तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रिया तिला हसतात. का, तर ती पुरुषांसारखी लाजते म्हणून! तेथे पुरुष पडद्याआड राहून स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात. स्त्रिया राज्य चालवितात. पूर्वी तेथील पुरुष सैन्य वाढविण्यात दंग असता विदुषींनी मेघांतील पाणी उतरविले आणि सूर्याची उष्णता साठविली. पुरुषांनी त्यांची थट्टा केली. पुढे परचक्र आले, पुरुष हरले. तेव्हा त्याच उष्णतेच्या झोताने स्त्रियांनी शत्रूस पळवून लावले. ज्यांच्यापासून भय, ते मोकळे आणि निरपराध मात्र कोंडलेल्या, ही कोणती रीत, असा प्रश्न सुलतानास ऐकावा लागतो. तिच्यापाशी उत्तर नसते.

प्रत्यक्षात मात्र पडदा तसाच होता. १९०९ साली पती निवर्तले. त्यांच्या नावे बेगमसाहेबांनी भागलपुरास मुलींची शाळा काढली. विद्यार्थिनी अवघ्या पाच. १९११ साली कलकत्त्यात ती नव्याने सुरू झाली, तेव्हा आठ. मुलींना आणणारी मोटार पडद्याच्या रिवाजासाठी चोहोबाजूंनी बंद केलेली होती. आत अंधार आणि कोंडमारा. मुलींना भोवळ येई. म्हणून बाजूंस कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात अशी रागाची पत्रे आली! ही हकीकत त्यांनी १९३१ सालच्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात सांगितली आहे.

९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या हक्कांवरील एक लेख त्या लिहीत होत्या. तो अपुराच राहिला.