अनवाणी धावणाऱ्यांच्या पाठीशी : सर दोराबजी टाटा

अमवाजला ऊन उतरले की लगूनच्या काठाने मुलांची धावपळ सुरू होते. शाळेच्या क्रीडादिनाच्या आधी दोन महिने मी काही मुलांना तेथे घेऊन जाते. मी हातात घड्याळ घेऊन उभी राहते आणि मुले पळतात. लांब उडीचा सराव समुद्रकाठच्या वाळूत होतो. बहारीनच्या विनफ्रेड यावी हिने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून तिचे नाव या मुलांच्या तोंडी असते. धावणे आणि उड्या दोन्ही त्या एकाच शर्यतीत, म्हणून मुलांना तिचे फार अप्रूप. एकदा एका मुलाने विचारले, बाई, आपल्याकडचे पहिले कोण पळाले? मी बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचे नाव सांगितले. मग त्याने विचारले, त्यांना तिथपर्यंत पाठवले कोणी? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक होते. ते त्या दिवशी अर्धेच सांगून झाले. उरलेले या स्मरणिकेत लिहिते.

शतकपूर्तीच्या अंकात मुंबईच्या एका धनाढ्य पारशी गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जण मुंबई बंदरातूनच करारावर अंगठा उठवून मॉरिशससारख्या बेटांकडे गेले. बहुतेक शेतकरी, पायात वहाण नसलेले. फिजी बेटांवरचे उरलेसुरले गिरमिट 1 जानेवारी 1920 रोजी रद्द झाले. त्याच वर्षी त्याच मुंबईहून काही तरुण बोटीत बसले. त्यांच्या निवडीची सुरुवात झाली होती ती पुण्याजवळच्या अनवाणी शेतकऱ्यांच्या पळण्यातून. ते मजुरीला निघाले नव्हते, शर्यतीला निघाले होते, आणि ते परत येणार हे आधीच ठरलेले होते. ही गोष्ट आपल्या घरात सांगण्यासारखी आहे असे मला वाटते.

दोराबजींचा जन्म 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईला झाला. जमशेटजी टाटा आणि हिराबाई यांचे ते थोरले चिरंजीव. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यांना इंग्लंडला धाडले. 1877 साली ते केंब्रिजच्या कीझ कॉलेजात दाखल झाले. तेथे दोन वर्षे त्यांचा अभ्यास कितपत झाला कोण जाणे, खेळ मात्र भरपूर झाला. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, होड्या वल्हवणे, घोडेस्वारी हे सारे त्यांनी केले, आणि कमी अंतराच्या धावण्याच्या शर्यतीही जिंकल्या. परत आल्यावर मुंबईच्या सेंट झेवियर्समधून 1882 मध्ये ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी वर्तमानपत्रात नोकरी केली आणि मग वडिलांच्या धंद्यात शिरले.

इंग्लंडहून येताना पुष्कळांनी टाय आणि टोपी आणली. दोराबजींनी मनात एक हळहळ आणली. तिकडे शाळेतल्या पोरांनाही मैदान, शिकवणारा आणि वेळ मोजणारा मिळतो, इकडे यातले काही नाही. मुंबईत त्यांनी माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धांसाठी संघटना उभी करायला हातभार लावला. शाळाशाळांतून मुले एकत्र आणून पळवायची, उड्या मारायला लावायची, हे काम त्यांच्या आवडीचे. आम्हा शिक्षकांना हे वाचून बरे वाटते, कारण खेळाचा तास हा वेळापत्रकात सर्वांत आधी कापला जातो.

वडील 1904 मध्ये गेले आणि त्यांची मोठी अपुरी कामे दोराबजींच्या अंगावर पडली. साकचीचा पोलाद कारखाना, म्हणजे आजचे जमशेदपूर, खोपोलीची वीज आणि बंगळूरची विज्ञान संस्था, ही कामे त्यांनी तडीस नेली. लोखंडाच्या खनिजाच्या शोधात ते बैलगाडीतून जंगले फिरले. 1910 मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. या कामांवर पुष्कळ पुस्तके आहेत, म्हणून मी तेथे थांबत नाही.

आता पुणे. 1906 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने दोराबजींना अध्यक्ष केले. 1919 च्या सुमारास ते तेथील मैदानी स्पर्धांना हजर राहिले, तेव्हा त्यांना दिसले ते असे : मुलांची हौस दांडगी, सोयी मात्र नाहीत. मैदान लहान, म्हणून शंभर यार्डांच्या प्राथमिक फेऱ्या वळणावर घ्यायच्या ठरलेल्या, त्याही दोऱ्या न लावता. शंभर यार्ड सरळ धावायचे असतात हे सांगणारे कोणी नव्हते. आज आपण हसू, पण माझ्या पहिल्या शाळेत मैदान नव्हते आणि आम्ही मुलांना इमारतीभोवती पळवत असू, म्हणून मला हसू येत नाही.

त्या स्पर्धांत लांब पल्ल्याची एक शर्यत होती, सुमारे पंचवीस मैलांची. तिला तेथे मॅरेथॉन म्हणत. धावणारे बहुतेक खेड्यांतले शेतकरी, रोज रस्त्याने अनवाणी चालणारे. त्यांना कोणी शिकवलेले नव्हते आणि खाण्यापिण्याची काही व्यवस्था नव्हती. तरीही त्यांतल्या काहींनी घेतलेला वेळ युरोपातल्या धावपटूंशी तुलना करण्याजोगा होता. दोराबजींनी ते घड्याळात पाहिले. सामन्यांना आलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यापुढे त्यांनी विषय काढला, की पुढच्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिम्पिक आहे, तेथे हिंदुस्थानची माणसे का जाऊ नयेत? गव्हर्नरांच्या मदतीने ब्रिटिश ऑलिम्पिक समितीकडून परवानगी मिळाली. तीन उत्तम धावपटू स्वतःच्या खर्चाने पाठवण्याची तयारी दोराबजींनी दाखवली. योग्य आहार आणि शिकवणारा मिळाला तर हे तरुण नाव काढतील, एवढा त्यांचा हिशेब होता.

पुणेकरांनी ते ऐकले आणि त्यांना चेव चढला. तीनच का, पुरता संघच पाठवू! वर्गणी जमू लागली. सरकारने काही दिले, दोराबजींनी स्वतःच्या खिशातून घातले. उत्साह मोठा आणि माहिती थोडी, अशी अवस्था होती. निवडीच्या वेळची एक आठवण सांगतात. शंभर मीटरला ऑलिम्पिकमध्ये किती वेळ लागत असेल असा प्रश्न निघाला, तेव्हा समितीतल्या एका सभ्य गृहस्थांनी मिनिटांत अंदाज सांगितला. तेथे सेकंदाचे भाग मोजतात हे कळल्यावर ते चकितच झाले.

चाचण्या होऊन सहा जण निवडले गेले. धावण्यासाठी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कुमार नवले आणि रणधीर शिंदे. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत बरोबर होते. जूनमध्ये मंडळी मुंबईहून बोटीने निघाली आणि आधी लंडनला राहून तेथे काही आठवडे सराव केला. परक्या हवेत, परक्या जेवणावर, भाषा न कळता रोज पळायला बाहेर पडायचे. मन कसे टिकवले असेल? सहा जण एकमेकांना होते, आणि घरून कोणीतरी विश्वासाने पाठवले आहे ही जाणीव असेल. आपल्या पूर्वजांजवळ त्यांतली पहिली गोष्ट होती. त्यांना जहाजभाऊ होते. दुसरी नव्हती.

22 ऑगस्ट 1920. अँटवर्पची मॅरेथॉन 42.75 किलोमीटर, नेहमीपेक्षा लांब. हवा थंड आणि पावसाळी. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटांत पहिले आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत आत आले आणि एकोणिसावे ठरले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. संघ रिकाम्या हातांनी परतला.

मला दोराबजींचे मोठेपण यानंतरच्या वर्षांत दिसते. हौसेने पैसे देणारे पुष्कळ असतात, पदक मिळाले नाही की ते दुसरीकडे वळतात. दोराबजी त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले आणि कामाला लागले. कमी कुठे पडलो ते त्यांनी पाहिले. एका शहराने घाईने निवडलेला संघ पुरत नाही, प्रांतोप्रांती संघटना हव्यात, शिकवणारे हवेत, नियम माहीत असलेले पंच हवेत. मद्रासच्या वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे जाणकार, हॅरी बक आणि नोरेन, यांची मदत त्यांनी घेतली. नोरेन प्रांतोप्रांती फिरले. फेब्रुवारी 1924 मध्ये दिल्लीला अखिल भारतीय स्पर्धा झाल्या आणि त्यांतून पॅरिससाठी संघ निवडला गेला. लांब उडीला दलीप सिंग होते, ते पुढे 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमलाही गेले. 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी.

येथे एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण लिहायला हवी. ज्या पुणे जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांचे पळणे पाहिले, त्याच जिल्ह्यात टाटांच्या वीज कंपनीच्या मुळशी धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांची गावे आणि भातशेती जात होती. एप्रिल 1921 मध्ये तेथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि तुरुंगात गेले. धरण झाले, जमिनी गेल्या. दोराबजी त्या उद्योगसमूहाचे प्रमुख होते. जमीन सुटलेल्या माणसाचे पुढे काय होते हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. मुलांना मी दोन्ही सांगते. धावणाऱ्याला पाठबळ देणारा हात आणि त्याच्या बांधावर पाणी चढवणारी कंपनी एकाच घरची होती. मुले अशा वेळी गप्प होतात, आणि मीही.

1924 हे वर्ष त्यांना कठीण गेले. पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला, कामगारांचे पगार द्यायला पैसा नव्हता. दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेवून एक कोटी रुपये उभे केले. त्यात पत्नी मेहेरबाई यांचे दागिनेही होते, आणि 245 कॅरटचा जुबिली हिराही. कारखाना वाचला. मेहेरबाई स्वतः खेळाडू होत्या, साडी नेसून टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकत. इकडे मुली पळायला लाजतात तेव्हा मी त्यांना मेहेरबाईंचे छायाचित्र दाखवते. चित्राचा उपयोग उपदेशापेक्षा लवकर होतो.

मागच्या वर्षी माझ्या गटातला एक मुलगा शाळेच्या शर्यतीत शेवटून दुसरा आला. घरचे म्हणाले, आता पुरे, याचा वेळ अभ्यासाला द्या. मी त्यांच्याकडे माझी वही घेऊन गेले. महिन्यापूर्वीचा त्याचा वेळ आणि शर्यतीच्या दिवशीचा वेळ दाखवला. मुलगा एकवीस सेकंदांनी वेगवान झाला होता. बाकीचे त्याहून वेगवान होते, एवढेच. मग मी चौगुल्यांचा एकोणिसावा क्रमांक सांगितला आणि त्यांना पाठवणाऱ्याने पुढच्या चार वर्षांत काय केले तेही. मुलगा पुन्हा येऊ लागला. वडील हल्ली पदपथावर त्याच्याबरोबर पळतात, पोट सुटलेले असूनही.

जून 1931 मध्ये मेहेरबाई वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. दोराबजींनी पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी ठेवला आणि 1932 च्या मार्चमध्ये आपली उरलेली संपत्ती, त्या हिऱ्यासकट, विश्वस्त निधीला देऊन टाकली. पुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्याच निधीतून उभे राहिले. एप्रिलमध्ये ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला म्हणून युरोपला निघाले. वाटेत जर्मनीतील बाड किसिंगेन येथे 3 जून 1932 रोजी त्यांचे निधन झाले. लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत दोघे शेजारी आहेत.

त्यानंतर दोनच महिन्यांनी लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक झाले. भारताचे मेहर चंद धवन तिथे तिहेरी उडीत उतरले. पदक मिळाले नाही.