अंजनेरीच्या पायथ्याचा माणूस

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचा जन्म इथलाच, अशी आम्हा नाशिककरांची श्रद्धा. लहानपणी आजी रामायण सांगायची, तेव्हा समुद्र ओलांडणाऱ्या त्या झेपेपेक्षा तिच्या आधीचा प्रसंग मला जास्त आवडायचा. आपली शक्ती विसरलेला हनुमान किनाऱ्यावर गप्प बसला आहे आणि म्हातारा जांबवंत त्याला तिची आठवण करून देतो आहे. कथेतले उड्डाण खरे तर तिथेच सुरू होते.

याच डोंगराच्या शेजारी, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब म्हणू लागला.

मी बँकेत तेहतीस वर्षे नोकरी केली. त्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना आतला कर्ज-अधिकारी जागा होतो. १९१२ साली फाळके माझ्या टेबलासमोर आले असते तर? वय चाळिशीपार. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, तो टिकला नाही. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडली. छापखाना काढला, तर भागीदारांशी बिनसले. एक ख्रिस्तपट पाहिल्यापासून सिनेमाचे वेड लागले आणि अहोरात्र तोच अभ्यास करून काही काळ दृष्टीही गेली. तारण काय, तर विम्याच्या पॉलिसी! अर्ज मी नक्की फेटाळला असता.

त्या पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. घरी सरस्वतीबाई होत्या. त्यांनी फिल्मला भोके पाडली, ती धुतली आणि कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाकही केला. या कथेतला जांबवंत मला त्यांच्यात दिसतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

१९१७ साली ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. हे साळुंके मूळचे उपाहारगृहात काम करणारे. त्यांनाही त्यांची शक्ती कोणीतरी दाखवून दिलीच! त्याच पडद्यावर फाळक्यांनी कॅमेऱ्याच्या करामतीने अंजनेरीच्या मारुतीला आकाशात उडवले. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, असे सांगतात.

मात्र प्रत्येक उड्डाणाला उतरणे असते. १९१८ साली नाशिकमध्ये भागीदारीत कंपनी निघाली. तिथेही खटके उडाले आणि ते काशीला निघून गेले. काही वर्षांनी परतले, तरी पहिले दिवस आले नाहीत. १९३१ साली बोलपट आला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ सालचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले, फारसे कोणाच्या लक्षात न येता.

मग हिशेब चुकला का? ताळेबंद पाहिला तर चुकलाच. पण माझी पहिली कादंबरी वीस वर्षे टेबलाच्या खणात पडून होती. एका रविवारी सौभाग्यवतींनी ती बाहेर काढून माझ्यापुढे ठेवली, एक शब्दही न बोलता. निवृत्तीला सहा वर्षे बाकी असताना मी राजीनामा दिला. झेप तशी लहानच, पण अंजनेरीवरून जाताना आता मान खाली घालावी लागत नाही.