बुरशीचे कोठार उलगडणारे लिओ एरेरा

प्राणी साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतात आणि वनस्पती पिष्टाच्या रूपात, अशी एकोणिसाव्या शतकातील अनेक शास्त्रज्ञांची समजूत होती. फ्रान्सचे क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले आणि पुढे त्याला प्राणिज पिष्ट हेच नाव रूढ झाले. बुरशीची गणना तेव्हा वनस्पतींत होई. तिच्या पेशींतही हाच पदार्थ असतो, हे सिद्ध करून बेल्जियमच्या लिओ एरेरा यांनी ही सीमारेषा पुसली.

एरेरा यांचा जन्म १८५८ मध्ये ब्रुसेल्सजवळील लाकेन येथे, मूळच्या व्हेनिसच्या एका सधन ज्यू घराण्यात झाला. पेढीचा वारसा बाजूला सारून ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. स्ट्रासबुर्ग येथे बुरशीशास्त्राचे आद्य अभ्यासक आंतोन द बारी यांच्याकडे त्यांनी अध्ययन केले. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी बुरशीतील ग्लायकोजेनवरील प्रबंध सादर केला.

त्यांचे मुख्य साधन होते आयोडीन. ग्लायकोजेनला त्याने लालसर तपकिरी रंग येतो; उष्णता दिली की तो विरतो, थंड होताच परततो. बीजाणू पक्व होताना हा साठा ओसरतो, म्हणजे तो पुढच्या पिढीच्या कामी येतो, हे एरेरा यांनी ओळखले. १८८५ मध्ये त्यांनी यीस्टमध्येही ग्लायकोजेन दाखवून दिले. बेल्जियमचेच एमिल लोरां यांनी १८९० मध्ये यीस्टला निरनिराळी पोषकद्रव्ये देऊन, कशापासून ग्लायकोजेन बनते, ते तपासले. साखर मुबलक आणि नत्र अपुरे असेल, तर पेशींची वाढ खुंटते व उरलेली साखर साठ्यात जाते. उपासमार ओढवली की तोच साठा खर्ची पडतो, हे आता सर्वमान्य आहे.

एरेरा प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाहीत. रशियातील ज्यूंवरील अत्याचारांविरुद्ध त्यांनी १८९३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०५ मध्ये, वयाची सत्तेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

बेकरीसाठी यीस्ट तयार करताना अखेरच्या टप्प्यात नत्राचा पुरवठा आवळला जातो. त्यामुळे पेशींत ट्रेहॅलोज ही साखर साठते आणि वाळवल्यावरही त्या तग धरतात. टंचाईची चाहूल लागताच कोठार भरणाऱ्या या इवल्या जीवांचे रहस्य उलगडण्याचा प्रारंभ एरेरा यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली झाला होता.