ओतूरचा तो उन्हाळा

सावित्रीबाई फुले हे नाव घेतले की शाळकरी मुलालाही भिडे वाडा आठवतो. अंगावर शेण-चिखल झेलत शाळेकडे निघालेली तरुण शिक्षिका आठवते. हे चित्र खरेच आहे. पण ते विशीच्या आतबाहेरच्या सावित्रीबाईंचे आहे. त्यानंतर त्या जवळजवळ अर्धशतक जगल्या. त्या काळात पुणे आणि आसपासच्या मुलखावर दुष्काळ, रोगराई आणि पुन्हा दुष्काळ अशी संकटांची रांग लागली होती. माणसे गाव सोडून पळत होती, तेव्हा सावित्रीबाई उलट्या दिशेने, संकटाच्या गावाकडे निघालेल्या दिसतात. एकदा त्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला गेल्या. त्या वेळी त्यांचे वय ४६ वर्षांचे होते. दुसऱ्यांदा, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्या पुण्याजवळ हडपसरच्या माळावर उभ्या राहिल्या आणि तिथून परत आल्या नाहीत. या दोन टोकांमधली सावित्रीबाईंची कहाणी आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

डोंगराची सावली

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेले. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरच्या बाजूला पाऊस अक्षरशः कोसळतो. तिथून काही कोस पूर्वेला गेले की ढग रिकामे होऊन येतात. कुकडी, मीना आणि घोड या नद्या इथल्याच. तरी पावसाने पाठ फिरवली की नदीकाठच्या गावालाही प्यायला पाणी मिळू नये, अशी या भूमीची जुनी रीत. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला ते १६३० साल दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या सुरुवातीचे होते, हे आपण उत्सवाच्या गडबडीत विसरतो.

अडीचशे वर्षांनी तीच वेळ पुन्हा आली. १८७६ चा पावसाळा दख्खनला दगा देऊन गेला. शेतकरी त्याआधीच कर्जात रुतलेला होता. रोख सारा ठरल्या तारखेला भरायचा, त्यासाठी सावकाराकडे जायचे, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवायचा, असा तो फेरा होता. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा संयम सुटला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. या दंग्यांची राख निवते न निवते तोच दुष्काळ आला. पाऊस पडला नाही हे निसर्गाचे काम. पण घरात एक पायली धान्य शिल्लक नव्हती, हे माणसाचे काम होते.

सरकारने दुष्काळी कामे काढली. पण खर्च वाचवण्यासाठी गड्याची मजुरी जेमतेम एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य आणि वर थोडी चिल्लर, इतकी खाली आणली. १८७७ च्या सुरुवातीला कामावरच्या हजारो माणसांनी ही मजुरी नाकारली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज पाठवले. आणि याच १८७७ च्या पहिल्या दिवशी दिल्लीत राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा भव्य दरबार भरला होता!

पाटलाची लेक

सावित्रीबाईंना शेतीतले दुःख कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झाले. नवऱ्याकडून अक्षर शिकलेली ही मुलगी १८४८ मध्ये मुलींच्या शाळेत शिकवू लागली. पुढे नाडलेल्या विधवांसाठी त्यांच्या घराचे दार उघडले गेले. १८६८ मध्ये त्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी आपला मुलगा मानले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज निघाला आणि पुण्याबाहेर त्याची मुळे जिथे खोल गेली, त्या गावांत जुन्नर-ओतूरचा क्रम वरचा होता.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की ओतूरला सावित्रीबाई पाहुण्या म्हणून गेल्या नव्हत्या. मांडवी नदीच्या काठचे हे गाव वारकऱ्यांना बाबाजी चैतन्यांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. सत्यशोधकांना ते आपल्या माणसांचे गाव म्हणून ठाऊक होते. संकट येण्याआधीच तिथे ओळखी होत्या, विश्वास होता, एकमेकांच्या घरात जाणे-येणे होते. संकटाच्या वेळी कामाला येते ती हीच शिदोरी.

एक पत्र

२० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. जोतीराव तेव्हा साताऱ्याकडे होते. पत्नीने पतीला लिहिलेल्या या पत्रात घरगुती चौकशी अगदी थोडी. बाकी सारा मजकूर म्हणजे एका कार्यकर्तीने पाठवलेला अहवालच.

वर्ष उलटले तरी दुष्काळ हटलेला नाही, उलट त्याचे रूप अधिक भयानक झाले आहे, असे त्या कळवतात. गुरे जागच्या जागी कोसळत आहेत. वैरण नाही. ओढे-नाले कोरडे ठाक, झाडांना पान नाही, भुईला भेगा पडलेल्या. लोक निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढत आहेत. कुणी पोटच्या मुलांना विकून परमुलखात निघाले आहे. वाचताना जाणवते ते असे, की या बाईंनी डोळे मिटून घेतले नाहीत आणि गळाही काढला नाही. जे दिसले ते लिहिले आणि लगेच पुढच्या कामाकडे वळल्या.

ते काम असे होते. सत्यशोधकांनी गावोगावी समित्या नेमून लोकांना धान्य मिळेल अशी सोय चालवली होती. रावबहादूर कृष्णाजीपंत आणि लक्ष्मणशास्त्री ही मंडळी सावित्रीबाईंबरोबर दुष्काळी गावांतून फिरली आणि त्यांनी पैशाची मदत केली. जोतीरावांच्या जातिविरोधी चळवळीत एक शास्त्री खांद्याला खांदा लावून उभा राहतो, ही गोष्ट लहान नव्हे. ओतूरच्या एका दांपत्याने सावित्रीबाईंची काळजी वाहिली. डुंबरे पाटील आणि गावातले इतर जाणते लोक जोतीरावांना भेटायला उत्सुक होते. साताऱ्याहून नगरला जाताना त्यांनी ओतूरवरून जावे, असेही पत्रात सुचवलेले आहे.

पण सगळे सुरळीत चालले नव्हते. सावकार या आपत्तीतही आपला हिशेब सोडायला तयार नव्हते. दंगे झाले. गोरे पोलीस आले आणि त्यांनी पन्नास सत्यशोधकांना पकडले. उपाशी गावाला धान्य पोचवणारे हातच बेड्यांत गेले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतले.

हा प्रसंग क्षणभर डोळ्यांपुढे आणून पाहावा. साल १८७७. समोर जिल्ह्याचा सर्वाधिकारी. त्याच्यापुढे नऊवारीतली, माळी समाजातली एक स्त्री. न रडता, न विनवता तिने सरळ विचारले की खोटे आळ घालून आमच्या माणसांना का धरले, आणि त्यांना ताबडतोब सोडण्याची मागणी केली. कलेक्टर सज्जन निघाला. शेतकरी पाटील दरोडे घालतात काय, असे म्हणून त्याने आपल्याच पोलिसांना फटकारले आणि माणसांना सोडायला लावले. लोकांचे हाल पाहून त्याने ज्वारीच्या चार गाड्याही पाठवल्या. सावित्रीबाईंनी त्याचा चांगुलपणा पत्रात मोकळेपणाने नोंदवला आहे. अन्यायाशी भांडायचे, पण समोरच्यातला माणूस ओळखायला चुकायचे नाही, असे हे मन होते.

पोट भरल्यानंतर

महिनाभरातच, १७ मे १८७७ रोजी, जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने मदतीचे जाहीर आवाहन केले. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळात होरपळलेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला. आज जिथे इमारतींची दाटी आहे, तिथे त्या वेळी उपाशी मुलांच्या पंगती बसत. त्या मुलांच्या जेवणाखाण्याकडे सावित्रीबाई जातीने पाहत.

मात्र अन्नछत्राने त्या वर्षीची भूक भागते, पुढच्या वर्षीची नाही. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या अनुभवाची खूण सापडते. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घाला, तळी बांधा, विहिरी खोदा, या कामांना सरकारी फौजफाटा लावा, असा त्यांचा आग्रह होता. पाणलोट क्षेत्राचा विकास हा शब्द शंभर वर्षांनी रूढ झाला; त्यामागची कल्पना तिथे आधीच मांडलेली आहे. सरकारनेही या दुष्काळानंतर आयोग नेमला आणि दुष्काळी संहिता केल्या. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये कायदा झाला.

शेवटची हाक

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. पुढे १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सून राधा १८९५ मध्ये वारली. घर सुने झाले, पण संकटांना विसावा नव्हता. १८९६ मध्ये पाऊस पुन्हा हुकला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग उतरला. तो पुण्यात आला तेव्हा पेठांमधले दाटीवाटीचे वाडे, अंधाऱ्या खोल्या आणि उंदीर त्याची वाटच पाहत होते. उंदरांवरच्या पिसवांतून हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या संशोधकाने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. त्या आधी लोकांना एवढेच कळत होते की घरात कुणाला गाठ आली की शेजारीही दार लावून घेतो.

सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेतले. फलटणीच्या नोकरीतला हा मुलगा आला. आईनेच मुलाला प्लेगच्या तोंडी बोलवावे, हे आपल्याला सहज समजणारे नाही. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, वस्तीपासून दूर मोकळ्या हवेत, त्यांनी दवाखाना थाटला. रोगी घरात लपवले जात असताना सावित्रीबाई त्यांना शोधून आणत. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला गाठ आल्याचे कळले, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. पुण्यातल्या झडत्या, लोकांचा संताप आणि रँडचा खून हा सारा इतिहास त्यानंतरचा. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, डॉ. यशवंतही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले.

आज जुन्नर-आंबेगावचे रूप पालटले आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याची शेते उभी केली. त्यासाठी जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तरी आपत्ती संपलेली नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळले एका एसटी चालकामुळे. रोजच्या वाटेवरचे गावच जागेवर नाही, हे त्याला दिसले. गाव ओळखणारे कुणीतरी त्या वाटेने रोज जात होते, म्हणून निदान हाक तरी पोचली.

सावित्रीबाईंच्या कामाचे मर्म यातच आहे. पाऊस, डोंगर, रोगजंतू यांच्यावर त्यांची सत्ता नव्हती. त्या जात, राहत, माणसे जोडत, अधिकाऱ्याला प्रश्न विचारत आणि ज्याला कुणी शिवत नाही त्याला उचलून घेत. दर ३ जानेवारीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, मुली भाषणे करतात. त्या दिवशी भिडे वाड्याबरोबर ओतूरच्या त्या उन्हाळ्याची आणि ससाण्यांच्या माळाची गोष्टही घरातल्या मुलांना सांगायला हवी.