आवाजामागचा माणूस

स्वातंत्र्यलढ्याची जुनी कृष्णधवल छायाचित्रं आपण सर्वांनीच पाहिली आहेत. व्यासपीठावर गांधीजी किंवा नेहरू, समोर नजर पोचेल तिथवर माणसं. त्यांपैकी कितीतरी छायाचित्रांत आणखी एक गोष्ट असते, पण तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. वक्त्यापुढे माईक असतो आणि त्यावर छोटी पाटी असते : शिकागो रेडिओ. त्या पाटीमागचा माणूस म्हणजे नानिक मोटवाने.

मोटवाने कुटुंब सिंधचं. वडील ग्यानचंद यांनी १९०९ साली सक्कर इथं विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला. तो कराचीला गेला आणि १९१९ साली मुंबईत आला. पुढे टेलिफोन आणि रेडिओच्या या पेढीला शिकागो हे नाव मिळालं. नाव अमेरिकन शहराचं, मालक सिंधी आणि पेढी मुंबईची! नानिक याच पेढीत तयार झाले.

त्या काळी जाहीर सभा म्हणजे खड्या आवाजाची परीक्षा असे. गांधीजींचा आवाज मुळातच हळू. पुढच्या रांगांना भाषण मिळे, मागच्यांच्या वाट्याला नुसतं दर्शन. ही अडचण नानिक यांनी हेरली. मार्च १९३१ मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराचीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथं त्यांच्या कंपनीचे कर्णे लागले. भगतसिंगांना फाशी होऊन आठवडासुद्धा उलटला नव्हता. वातावरण तापलेलं होतं. अशा वेळी व्यासपीठावरचा शब्द अखेरच्या माणसापर्यंत जसाच्या तसा पोचणं ही नुसती सोय नव्हती. तो राजकारणाचाच भाग होता.

आता हे यंत्र काय होतं, ते थोडं सांगायला हवं. कारण मोटवानेंचं मोठेपण त्या यंत्राच्या नाजूकपणात आहे.

माईकमधून निघणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी क्षीण. काचेच्या एका व्हॉल्वमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ती वाढत जाते आणि शेवटी कर्णे हलवण्याइतकी होते. पण यंत्राला शब्द आणि दोष यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही सारखेच वाढवतं. पहिल्या व्हॉल्वला टिचकी लागली तर कर्ण्यातून घंटा वाजते. डाग कच्चा राहिला की खरखर सुरू होते. कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की मशीन शिट्टी मारतं. आत तीनचारशे व्होल्ट खेळत असतात आणि व्हॉल्व तापलेले असतात. त्या उष्णतेनं कंडेन्सर गळू लागला की नको तो दाब पुढच्या व्हॉल्वपर्यंत जातो, आतला पत्रा लालबुंद होतो आणि व्हॉल्व कायमचा जातो. मोठ्या आवाजात चालू असताना कर्ण्याची तार तुटली तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्यातून रेल्वेचे आणि बैलगाडीचे हिसके. बहुतेक गावांत वीजच नव्हती, म्हणजे बॅटरी किंवा जनित्र यांचीही काळजी.

दुकानातला रेडिओ बिघडला तर गिऱ्हाईक उद्या येतं. सभा मात्र उद्या भरत नाही. म्हणून या धंद्यात खरी दुरुस्ती बिघाडाच्या आधी करावी लागते.

हे मला बँकेत असताना उमगलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी नेमणूक इंदापूरला होती. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथं पडतो. एका मंडपवाल्यानं नव्या ट्रान्झिस्टर मशीनसाठी कर्ज मागितलं, म्हणून त्याचं जुनं सामान पाहायला गेलो. व्हॉल्वचं मशीन खूप वापरलेलं होतं. आमच्या वहीच्या हिशेबानं घसारा वजा जाता त्याची किंमत जवळजवळ शून्य! पण त्या माणसाजवळ बिस्किटांच्या डब्यात कापसात गुंडाळलेले जादा व्हॉल्व होते आणि बाजूला एक मोटवाने मल्टिमीटर होता. कीर्तनाच्या तासभर आधी तो मशीन लावून ठेवायचा आणि एकेक सांधा तपासायचा. बुवांचा शब्द शेवटच्या वारकऱ्यापर्यंत जायचा तो या तासाभराच्या जोरावर. ती किंमत मांडायला आमच्या वहीत रकाना नव्हता.

पुढे ट्रान्झिस्टरनं मंडपातले व्हॉल्व घालवले. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी मात्र ते आजही सोडलेले नाहीत. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ साली आपला पहिला अँप्लिफायर बाजारात आणला. त्या वाटेनं पुढे गेलेल्या वाद्यसंचांत आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवतात. दुखणी मात्र तीच : लाल झालेला व्हॉल्व, गळका कंडेन्सर, गुणगुणणारा पहिला टप्पा. जितकी वाढ जास्त, तितकी आधीची तपासणी कडक. यात बदल झालेला नाही.

यंत्रावर भरवसा ठेवता येणं ही एक गोष्ट, माणसावर ठेवता येणं ही दुसरी. मोटवानेंची ही दुसरी परीक्षा १९४२ साली झाली. गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि नेते पकडले गेले. मैदानातले कर्णे गप्प झाले. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. १२ नोव्हेंबरला गिरगावात पोलिसांनी धाड घातली. सामग्री पुरवल्याच्या आरोपावरून मोटवानेही आरोपी झाले. १९४३ साली उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने निर्दोष सुटले. पुढे उषाताईंनी त्यांच्या मदतीचं श्रेय त्यांना दिलं.

मोटवाने व्यापारी होते, आणि माईकवरची पाटी ही जाहिरातच होती, हे नाकारण्याचं कारण नाही. पण ज्याची पेढी भर मुंबईत उघडी आहे, माल आणि परवाने ज्याला सरकारच्या राज्यातच मिळवायचे आहेत, त्याला अशा वेळी गमावण्यासारखं पुष्कळ असतं. हात झटकून मोकळं होणं त्यांना सोपं होतं.

नानिक मोटवाने १९७० साली गेले. इतिहासात भाषणं राहिली, आणि ते योग्यच आहे. पण व्हॉल्वच्या त्या दिवसांत लाखाच्या सभेतला प्रत्येक शब्द कुणीतरी आदल्या दिवशी तपासलेल्या सांध्यांवरून गेलेला आहे. काम चोख झालं की असा माणूस कुणाला दिसत नाही. मशीनने शिट्टी मारली तरच माना त्याच्याकडे वळतात. पुढच्या खेपेला ती जुनी छायाचित्रं समोर आली, तर वक्त्याच्या चेहऱ्यावरून नजर थोडी खाली आणावी. पाटी तिथंच असेल.