शिष्यवृत्ती संपली, संशोधन थांबले नाही

वडील रामजी सुभेदार यांचे २ फेब्रुवारी १९१३ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा भीमराव आंबेडकर नुकतेच बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले होते. घरची जबाबदारी अंगावर आली असतानाच एक संधी समोर आली. महाराज सयाजीराव गायकवाड काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविणार होते. आंबेडकरांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते; त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी बंधनकारक होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केले. प्रा. एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला. मात्र प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याशिवाय तेथे पदवी मिळत नसे, आणि छपाईसाठी पैसा नव्हता.

सेलिग्मन यांचे शिफारसपत्र घेऊन १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून, ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस आले. त्यांच्या सामानाचे जहाज युद्धात बुडाले होते; पुस्तकेही त्याबरोबर गेली.

करारानुसार ते बडोद्यास गेले. पण परदेशी विद्यापीठाच्या या पदवीधराला तेथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही हुसकावण्यात आले आणि ती नोकरी सुटली. त्यानंतर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातील बचत, कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर जुलै १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी मात्र दुरुस्तीसाठी परत केला. तोवर पैसेही संपत आले होते. मुंबईस परतून त्यांनी प्रबंध नव्याने मांडला, लंडनला पाठविला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळविली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ त्यांनी कृतज्ञतापूर्वक सयाजीरावांनाच अर्पण केला. त्यानंतर १९२७ मध्ये पीएच.डी. हाती आली; अमेरिकेला निघाल्यापासून तब्बल १४ वर्षांनी.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्यांचा आग्रह धरला, आणि १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तीन वर्षांची मुदत आणि तिच्या पुढची परवड या दोन्ही त्यांनी स्वतः भोगल्या होत्या.